झिणझिण्या आमच्या नळाला, बिघाड वरच्या मजल्यावर

आमची सोसायटी डोंबिवलीतली, १९८६ सालची. तीन मजले, बारा बिऱ्हाडं. गेल्या पावसाळ्यात आई म्हणाली, "अगं, बाथरूमच्या नळाला झिणझिण्या येतात." मी लगेच गिझर बंद केला आणि नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने कॉइल बदलली, नळाला टेस्टर लावून दाखवला. पेटला नाही. पुढच्याच आठवड्यात परत तेच. या वेळी गिझरचं बटण बंद होतं, फक्त प्लग सॉकेटमध्ये होता.

मग मात्र मी घाबरले. आईला गॅसवर पाणी तापवून देऊ लागले, तरी ती बाथरूममध्ये गेली की मी दाराबाहेर उभी राहायचे.

धागा आईनेच दिला. "सकाळी नऊ-साडेनऊलाच येतात गं. दुपारी कधी नाही."

वीज कंपनीच्या माणसाने मीटरपर्यंत सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मीटरच्या पुढचं वायरिंग आपलं, ते आपणच तपासून घ्यायचं असतं. म्हणून परवानाधारक कंत्राटदार शोधला. तो संध्याकाळी आला. टेस्टर त्याने खिशातून काढलाच नाही. होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभर वॉटचा साधा बल्ब आणला होता. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये लावला, तर आतली तार लालसुद्धा झाली नाही. "ताई, तुमच्याकडे अर्थिंगची हिरवी वायर आहे, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही," तो म्हणाला. (हा प्रयोग घरी कुणी करू नये, ते वायरमनचंच काम आहे.)

मी त्याला सकाळी नऊला परत बोलावलं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एरवी एक-दोन व्होल्ट दिसावेत, तिथे त्याच्या मल्टिमीटरवर दीडशेच्या वर आकडा होता. तो मीटर रूममध्ये गेला आणि एकेका घराची हिरवी वायर सोडवत गेला. आमच्या वरच्या घराची वायर सुटली आणि आकडा खाली आला.

वरच्या काकूंचं वॉशिंग मशीन त्याच वेळी चालू असतं. मशीनमध्ये पाणी झिरपून मोटर ओली झाली होती. मशीन बंद करून, प्लग काढून त्याने मेगर लावला. मेगर ५०० व्होल्ट सोडून इन्सुलेशन किती शाबूत आहे ते दाखवतो. किमान एक मेगाओम तरी हवा, इथे काटा शून्याला टेकला होता. मशीनची बॉडी प्लॅस्टिकची, त्यामुळे काकूंना कधीच काही जाणवलं नव्हतं. बिचाऱ्या फार ओशाळल्या. पण त्यांचा काय दोष?

झालं होतं ते असं. बाराही घरांच्या हिरव्या वायरी मीटर रूममध्ये एकत्र येतात आणि तिथून लोखंडी पट्टी जमिनीत जाते. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना ती पट्टी तुटली आणि अर्थिंगचा खड्डा ब्लॉकखाली गाडला गेला. काकूंच्या मशीनमधली गळती जमिनीत जायची, ती हिरव्या वायरीतून सगळ्यांच्या घरात फिरत होती. आमच्याकडे ती गिझरच्या बॉडीवर आणि तिथून जुन्या लोखंडी पाइपांवर यायची. बटण फक्त फेज तोडतं, अर्थची वायर जोडलेलीच राहते. म्हणून गिझर बंद असूनही झिणझिण्या.

मी विचारलं, "आमच्या घरी आरसीसीबी असता तर?" तो म्हणाला, "पडला नसता." आरसीसीबी आपल्या फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, एवढंच बघतो. शेजारून हिरव्या वायरीने आलेला करंट त्याला कळतच नाही. वरच्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता, तर कुणाला जोराचा धक्का बसताच त्याने तिथला पुरवठा तोडला असता. एमसीबी किंवा फ्यूज शॉकपासून वाचवत नाही. जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी तो असतो.

सोसायटीच्या सभेत खर्चावरून बरीच वादावादी झाली. "एका घराच्या मशीनसाठी सगळ्यांनी का भरायचं?" मी कंत्राटदारालाच सभेत बोलावलं. त्याने प्रत्येक घराच्या हिरव्या वायरीवरचा त्या सकाळचा आकडा वाचून दाखवला. मग कुणी बोललं नाही.

मीटर रूमजवळ नवा खड्डा घेतला. पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. पट्टी नवी. मग पुरेशा अंतरावर दोन सळ्या जमिनीत ठोकून अर्थ टेस्टर लावला, रीडिंग तीन ओमच्या खाली आलं. बारा घरांचं वायरिंग मेगरने तपासलं. दोन घरांत सॉकेटच्या अर्थच्या भोकामागे वायरच नव्हती. प्रत्येक घरी आरसीसीबी बसला. कंत्राटदाराने सही-शिक्क्यासह टेस्ट रिपोर्ट दिला, तो सोसायटीच्या फाइलमध्ये आहे.

आता आरसीसीबीवरचं 'टी' बटण मी दर महिन्याला दाबते, लाइट गेले की बरं वाटतं. उन्हाळ्यात वॉचमन खड्ड्यात पाणी घालतो. खड्ड्याची आणि पट्टीची जागा भिंतीवर लाल रंगाने लिहून ठेवली आहे. मध्यंतरी ड्रेनेजच्या खोदकामाला माणसं आली, तेव्हा त्याने आधी त्यांना ती दाखवली आणि मगच कुदळ मारू दिली.