चौथ्यात ठेव

नवा मुलगा कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, "काका, पाचवा का टाकत नाही?" वाशीचा पूल मागे पडलेला असतो, रस्ता मोकळा असतो, काटा साठावर असतो आणि मी चौथ्यातच. इंजिनाचा आवाज त्याला जड वाटतो. गाडीला उगाच राबवतोय असं त्याला वाटतं. त्याच्या वयात मलाही तसंच वाटायचं.

माझी पिकअप लालबागला उभी असते. तिच्या मागे हुकाला लागते ती जनरेटरची ट्रॉली. दोन चाकं, वर पत्र्याच्या मोठ्या पेटीत डिझेल इंजिन आणि अल्टरनेटर, सगळं मिळून दीड टनाच्या घरात. लग्नं, सभा, मैदानातले कार्यक्रम, वाई-मेणवलीकडची शूटिंग आणि भाद्रपदात विसर्जनाची मिरवणूक, अशी माझी वर्षं या ट्रॉलीच्या पुढे बसून गेली. लोक मला ड्रायव्हर म्हणतात, पण माझं खरं काम ओढण्याचं आहे. नुसतं चालवणं आणि ओढणं यात फार फरक आहे, हे मला तात्यांनी शिकवलं.

तात्या साताऱ्याकडचे. उमेदीची वर्षं त्यांनी पद्मिनी टॅक्सी चालवली, मग टेम्पोवर आले. पद्मिनीला चारच गिअर, स्टिअरिंगच्या दांड्याला लागलेले. त्या पिढीच्या बोलण्यात 'टॉप' म्हणजे चौथा. त्याच्या वर काही नाही. पुढे पाच गिअरच्या गाड्या आल्या तेव्हा अड्ड्यावरच्या बऱ्याच जणांनी पाचवा म्हणजे चौथ्याहून ताकदीचा, असं धरलं. ओव्हरड्राइव्ह या नावातच जोर आहे, म्हणून घोटाळा होतो. तात्या म्हणाले, "तो जोराचा नाही, तो आरामाचा आहे. ओझं नसेल तेव्हाचा."

त्यांनी मला हे एका जुन्या, उघडून ठेवलेल्या गिअरबॉक्सवर दाखवलं. परळच्या एका गॅरेजात बाकड्यावर तो पडला होता. मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत चौथा बहुधा सरळ असतो. इंजिनाचा एक फेरा, तर प्रॉपेलर शाफ्टचाही एकच. पुढचा शाफ्ट मागच्याला पकडतो आणि ओढ आरपार निघून जाते, खालच्या शाफ्टच्या दात्यांवर भार येतच नाही. पाचव्यात ओढ आधी खाली उतरते, दात्यांच्या दोन जोड्यांमधून फिरून मागे जाते, आणि इंजिनाचे समजा ८० फेरे झाले की शाफ्टचे १०० होतात. फेरे वाढले म्हणजे जोर तेवढाच घटला. चौथ्यात चाकाला १०० मिळत असेल तर पाचव्यात ८०. रिकाम्या गाडीला ८० पुष्कळ झालं. मागे दीड टन लागलं की तेच २० कमी पडतात, आणि ते भरून काढायला पाय खाली जातो.

पाय खाली जातो, इथेच नुकसान सुरू होतं. साठच्या वेगाला चौथ्यात इंजिन २००० फेऱ्यांवर फिरत असेल, तर पाचव्यात १६०० वर येतं. कमी फेऱ्यांवर टर्बो नीट भरत नाही, म्हणून डिझेल जास्त जातं आणि हवा कमी. पाण्याचा पंप आणि पंखा इंजिनावरच फिरतात, तेही मंदावतात. म्हणजे उष्णता वाढते नेमकी तेव्हाच ती बाहेर काढणारी माणसं सुस्तावतात. शिवाय इंजिन गुदमरायला लागतं. हा आवाज ओळखता आला पाहिजे. तो मोठा नसतो, उलट बारीक होतो, खोल जातो, आणि कानापेक्षा आधी सीटखाली कळतो. एक जाड थरथर येते, आरशातलं चित्र हलायला लागतं. चौथ्यातला मोठा आवाज हा तब्येतीचा आवाज आहे. मुलांना तो त्रासाचा वाटतो आणि पाचव्यातली ती दबकी घरघर सुखाची वाटते. अगदी उलटं आहे, आणि हे कान फिरवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांचीही हीच गोष्ट. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरच्या दांडीवर एक छोटं बटण असतं, 'ओ/डी ऑफ' लिहिलेलं. जुनी गाडी विकत घेणाऱ्या अनेकांनी ते जन्मात दाबलेलं नसतं. मागे ओझं असलं की अशी गाडी सारखी वरच्या गिअरमध्ये जाते, जमत नाही म्हणून खाली येते, पुन्हा वर जाते. प्रत्येक वेळी आतलं तेल तापतं, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतो तो बहुतेक तापूनच. ओढताना त्या बटणाने ओव्हरड्राइव्ह बंद केलेला असावा, एवढं ज्याला त्याला सांगत असतो.

माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. जीआयपी रेल्वेने १८७९ मध्ये उभारलेलं ते वर्कशॉप. घरी जेवताना ते घाटाच्या गोष्टी सांगायचे. भोर घाटातून रेल्वे गेली १८६३ मध्ये. चढ ३७ फुटांना एक फूट, रुळांसाठी फारच तीव्र. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलतात. चढाचं कौतुक सगळेच करतात, पण वडिलांना उतारच सांगायचा असे. घाटात काही ठिकाणी मुख्य रुळाला बाजूला एक फाटा काढलेला आहे, वर चढत जाणारा. उतरणारी गाडी ताब्यात आहे याची खात्री झाल्यावरच तिला पुढची वाट मिळते. सुटलेली गाडी त्या फाट्यावर जाते आणि चढावर दमून थांबते. "वजन वर नेणं इंजिनाचं काम," ते म्हणायचे, "खाली आणणं माणसाचं." तेव्हा मी ऐकून सोडून दिलं.

मी तेवीस वर्षांचा असताना एका मालकाची गाडी चालवायचो. मालक डिझेलचा हिशोब लिटरवर ठेवायचा, म्हणून पाचवा सोडायला जीव व्हायचा नाही. पुण्याहून परतताना खंडाळ्यावरून मी तसाच पाचव्यात उतरायला लागलो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. पाचव्यात इंजिन गाडीला जवळजवळ धरतच नाही, सगळं वजन ब्रेकच्या लायनरवर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर जळका वास आला. मग पेडल मऊ लागलं आणि दर वेळी जास्त खाली जायला लागलं. ट्रॉली मागून ढकलत होती. हुकावर बसणारा तो एकेक धक्का मला पाठीत कळत होता. घाबरून मी तिसरा शोधला, तो बसला नाही. रेस देऊन चौथा बसवला, वेग थोडा पडला, मग तिसरा बसला, इंजिन ओरडलं आणि गाडी धरली गेली. कडेला थांबलो तेव्हा चारही चाकांतून धूर येत होता. मी पाण्याचा कॅन घेऊन धावलो, तर मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने हात धरला. तापलेल्या ड्रमवर पाणी टाकलं तर तो तडकतो. तास-दीड तास आम्ही नुसते बसून राहिलो. त्या दिवशी मला वडिलांचा फाटा आठवला.

तेव्हापासून एक गोष्ट अंगात मुरली. गिअर घाटात बदलायचा नसतो, घाटाच्या आधी बदलायचा असतो. चढ सुरू होण्याआधी, इंजिनात दम असतानाच खाली या. उतार सुरू होण्याआधी, वेग हातात असतानाच खाली या. शिंग्रोबाच्या देवळासमोर ड्रायव्हर नाणं टाकतात, हात जोडतात. शिंग्रोबा या धनगराने खंडाळ्याच्या घाटाची वाट दाखवली असं मानतात. मीही हात जोडतो, पण त्याआधी दुसरा टाकलेला असतो.

पाचवा कधीच टाकू नये असं मात्र नाही. सपाट रस्ता, वारा पडलेला, अर्ध्या पायावर गाडी वेग धरून आहे आणि थोडा पाय दिला की लगेच उचलते आहे, तर खुशाल टाकावा, इंजिनालाही बरं वाटतं. पण पाय पूर्ण खाली जाऊनही काटा हलत नसेल, किंवा पाच मिनिटांत दोनदा चौथ्यात यावं लागलं, तर पुढचे दहा किलोमीटर तो विसरून जावा. ट्रॉली भरताना वजन कुठे पडतं हेही त्यातच येतं. दहातलं एक-दीड वजन हुकावर हवं. मागे जास्त गेलं की ट्रॉली शेपूट हलवायला लागते. अशा वेळी ब्रेक मारला तर ती आडवी येते. पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ती आपोआप शांत होऊ द्यायची. हे मी मुलांना गाडी उभी असतानाच सांगतो, कारण चालू गाडीत सांगायला वेळ मिळत नाही.

विसर्जनाच्या रात्री पाचव्याचा प्रश्नच नसतो. लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंत, भायखळा, नागपाडा, दोन टाकी, ऑपेरा हाऊस, सगळी वाट पहिल्यात. मूर्ती पुढे, मग ढोल, मग लाइटची गाडी, आणि मागे जनरेटर सुरू ठेवून मी. माणसाच्या चालीपेक्षाही कमी वेग. पहिला गिअरसुद्धा तिथे वेगवान ठरतो. हाफ क्लचवर गाडी रांगवायचा मोह होतो, पण त्याने एका रात्रीत प्लेट जाते. म्हणून मी पुढच्या गाडीला जाऊ देतो, अंतर पडू देतो, मग क्लच पूर्ण सोडून तेवढं अंतर कापतो आणि पूर्ण थांबतो. रेल्वेवरचे जुने पूल धोक्याचे ठरल्यापासून त्यांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, पुलावर थांबू नका, नाचू नका, अशा सूचना असतात. पुलाच्या तोंडाशी ढोल थांबतात. मी खालीच उभा राहतो, पूल मोकळा होईपर्यंत वाट बघतो आणि मग एका दमात, क्लचला पाय न लावता वर जातो. मागचे लोक शिट्ट्या वाजवतात, पुढे घ्या म्हणतात. त्यांना ट्रॉली दिसते, चढ दिसत नाही. गाडीत बसल्याशिवाय भायखळ्याच्या पुलाचा चढ कुणाला कळत नाही.

तात्यांना शेवटी नीट दिसत नव्हतं. एकदा हट्टाने वाईपर्यंत माझ्या शेजारी बसून आले. शिरवळ ओलांडलं तेव्हा ते डोळे मिटून होते, मला वाटलं झोपलेत. खंबाटकीचा चढ यायला अवकाश होता. रस्ता किंचित वर जात होता, तोही मला दिसला नव्हता. ते डोळे न उघडता म्हणाले, "चौथ्यात ठेव." मी गिअर उतरवला. थोड्या वेळाने खरा चढ आला.

या जुलैत वाईहून परतत होतो. गाडी नवा मुलगा चालवत होता. वडगाव सोडलं, जुन्या हायवेने लोणावळ्याकडे निघालो. रस्ता सपाट, समोर वाहन नाही. त्याचा हात दांडीवर गेला.

"काका, आता तरी टाकू?"

मी बाहेर बघितलं. घाटाकडून येणारा पावसाळी वारा होता. भातखाचरांच्या बांधावरची झाडं आमच्या दिशेने वाकली होती, आणि मागे ट्रॉलीवर ती पत्र्याची पेटी भिंतीसारखी उभी होती.

"नको," मी म्हणालो. "वारा समोरून आहे."