अब्बांकडे टेबल नव्हतं

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या परसात एक लोखंडी टेबल उभं राहिलं. चार फूट लांब, अडीच फूट रुंद, जमिनीपासून 34 इंच उंच. वेल्डिंगचं टेबल. ते करायला आम्हा बापलेकाला सात रविवार लागले. सरावाचा कारागीर हेच काम दोन दिवसांत उरकेल. आमच्या सातांपैकी दोन रविवार माझ्या चुकीपायी गेले. ती चूक पुढे सांगतोच.

आधी हे टेबल कशासाठी, ते सांगतो. थोरल्यानं दहावीनंतर आयटीआयचा वेल्डर ट्रेड घेतला. ट्रेड एक वर्षाचा, आणि प्रवेशाची अट आठवी पास. ही अट वाचून मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. माझे अब्बा वेल्डर होते आणि त्यांनी मला वेल्डिंगच्या शेडमधून ढकलून ढकलून बी.एड.पर्यंत पोहोचवलं होतं. पुढच्या दाराने बाहेर काढलेलं लोखंड मागच्या दाराने परत घरात आलं, असं मला वाटलं. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, "सर, मुलगा काय करतो?" तर मी म्हणायचो, "टेक्निकलला आहे." खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

मुलगा म्हणाला, संस्थेत एका मशिनवर पुष्कळ पोरं असतात, हाताला पुरेसा सराव मिळत नाही, घरी एक टेबल करू. मी हो म्हणालो. त्यात त्याच्या सरावाची काळजी किती आणि मनातली टोचणी किती, हे मलाच ठाऊक नाही.

अब्बांची मिरजेत पत्र्याची शेड होती, दहा बाय बाराची. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फाळके, असली कामं यायची. तेलात बुडवलेल्या ट्रान्स्फॉर्मरचा अवजड सेट होता. तो सुरू झाला की शेजारच्या दुकानातला बल्ब मंद व्हायचा. शेडमध्ये सगळं होतं, टेबल मात्र नव्हतं. मुरमाच्या जमिनीवर रुळाचे दोन तुकडे टाकायचे, त्यावर जॉब ठेवायचा आणि उकिडवं बसून काम करायचं. उजव्या हातात होल्डर, डाव्या हातात काळ्या काचेचा स्क्रीन. मग जॉब धरायला उरला तो पाय. अब्बा पायाच्या अंगठ्याखाली पट्टी दाबून टाका मारायचे. त्यांच्या दोन्ही पायांवर ठिणग्यांचे पांढरे डाग होते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांचे पाय असेच असतात.

मी डबा घेऊन गेलो की ते आधी ओरडायचे, "उधर नक्को देख!" स्वतः मात्र टाका मारताना कितीदा तरी उघड्या डोळ्यांनी बघायचे. मग रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि अम्मा बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवायची. आर्कमधले अतिनील किरण डोळ्याचा वरचा पडदा भाजतात आणि ते दुखणं काही तासांनी उमटतं, हे मी फार उशिरा वाचलं. बटाट्यानं थोडं गार वाटतं, एवढंच. खरा उपाय म्हणजे 10 किंवा 11 नंबरची काच आधीच डोळ्यांपुढे असणं.

पन्नाशी ओलांडल्यावर अब्बांची कंबर आणि गुडघे गेले. आयुष्यभर उकिडवा बसलेला माणूस शेवटची वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढला. सजद्याला जमिनीपर्यंत वाकता येत नाही, याचं त्यांना फार वाटायचं. त्यांनी टेबल का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. शेडमध्ये टेबल ठेवलं असतं तर गेट कुठे ठेवलं असतं, हा प्रश्न होताच. आणि टेबलाला लागणाऱ्या प्लेटमध्ये गिऱ्हाइकाचं एखादं काम झालं असतं, हेही होतं.

असो. आता टेबलाकडे वळतो.

वरच्या प्लेटवर सगळं अवलंबून असतं. पातळ पत्रा उष्णतेनं लाटा धरतो, म्हणून आम्ही 10 मिलिमीटर जाडीची प्लेट घेतली. मुलानं कागदावर हिशेब मांडला: एक चौरस मीटर लोखंडी पत्र्याचं वजन दर मिलिमीटर जाडीला 7.85 किलो. त्या हिशेबानं आमची प्लेट 73 किलोची. कुपवाडच्या बाजूला भंगारात ती मिळाली, वर गंजाचे पापुद्रे, पण सरळ. पायांसाठी भंगारवाला स्वस्तात जीआय पाइप देत होता. मी घेणारच होतो. मुलानं नको म्हटलं. जीआयवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. हे ऐकलं आणि मी गप्प झालो. अब्बांना अधूनमधून असा ताप यायचा. रात्री येई, सकाळी उतरे. अम्मा म्हणायची, नजर लागली.

आम्ही 50 बाय 50 चा साधा चौकोनी पाइप घेतला, 3 मिलिमीटर जाडीचा. क्लॅम्प पकडायला कड मोकळी हवी, म्हणून प्लेट चौकटीच्या बाहेर चारी बाजूंनी दोन इंच ठेवायची ठरली. म्हणजे चौकट 44 बाय 26 इंचांची. इथे पहिली अडचण आली. चौकट सपाट जुळवायची तर खाली सपाट जागा पाहिजे, आणि सपाट जागा नाही म्हणून तर टेबल करतोय! परसातली शहाबादी फरशी मोरीकडे उतरती. शिवाय फरशीवर थेट वेल्डिंग केलं तर ती तडकते. शेवटी अम्मानं माळ्यावरून अब्बांचे रुळाचे दोन तुकडे काढायला लावले. त्यांच्याखाली पत्र्याच्या चिपा सारत, पाणसळ बघत बघत आम्ही दोन्ही तुकडे एका पातळीत आणले आणि त्यावर चौकट मांडली.

कोपरे गुण्यानं बघून टाके मारले, मग कर्ण मोजले. मुलानं पायथागोरसनं काढला होता, 51 इंच आणि सूतभर. एक कर्ण थोडा कमी आला, दुसरा थोडा जास्त. म्हणजे चौकट चौकोनी नव्हती, कलली होती. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडीचे दोन ठोके घातले, पुन्हा मोजलं, पुन्हा ठोके. दोन्ही कर्ण सारखे झाले तेव्हाच पुढचं वेल्डिंग. तेसुद्धा एका कोपऱ्यात थोडं, मग समोरच्या कोपऱ्यात थोडं. वेल्ड निवताना आक्रसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. एकच कोपरा पूर्ण केला तर सगळी चौकट तिकडे झुकते. पीळ बघायला चार कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या तिरप्या ताणल्या. मध्ये एकमेकींना नुसत्या टेकल्या तर चौकट सरळ. दोऱ्यांत फट राहिली किंवा एक दुसरीला दाबू लागली, तर कुठला तरी कोपरा वर किंवा खाली आहे.

कर्ण मोजता मोजता मला सूरह सबा आठवली. दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहनं लोखंड मऊ केलं, चिलखतं घडवायला सांगितलं आणि कड्या मापात जोडायला सांगितलं, असा त्यात उल्लेख आहे. इतकी वर्षं मी ती आयत पढत होतो ती लोखंड मऊ झालं, या चमत्कारासाठी. मापाची ताकीद त्याच ओघात आहे, इकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. लोखंड मऊ करून दिलं, तरी माप माणसालाच घ्यावं लागणार होतं.

आता माझी चूक. चौकटीवर प्लेट ठेवली, ती खालून जोडायची होती. मुलगा म्हणाला, इंचभर वेल्ड मारू, सहा इंच सोडू, पुन्हा इंचभर, तेही समोरासमोरच्या बाजूंनी आलटून पालटून. मला ते कच्चं काम वाटलं. 73 किलोची प्लेट अशी तुटक टाक्यांवर? मी म्हणालो, सलग मार, चारी बाजू. तो म्हणाला, "पप्पा, सलग नक्को, पलेट खिचती." मी म्हणालो, "मी वेल्डरचा मुलगा आहे. मला शिकवू नकोस."

हे वाक्य बोललो तेव्हा मी स्वतः हातात होल्डर धरून तीस वर्षं झाली असतील.

त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. सलग मारला. वेल्ड देखणा होता, एकावर एक नाणी रचल्यासारखा. निवल्यावर टेबल सुलटं केलं आणि वर लांब पट्टी आडवी ठेवली. पट्टी मधोमध टेकली आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसू लागला. कडा खाली ओढल्या गेल्या होत्या. टोकांखाली 3 मिलिमीटरची चिप सहज सरकत होती. टेबल कासवाच्या पाठीसारखं झालं होतं. अशा टेबलावर केलेली प्रत्येक वस्तू वाकडीच येणार, कारण मापाला आधार धरायचा तोच वाकडा.

मी पट्टीखाली बघत बसलो. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, ग्राइंडरचा डिस्क बदलत होता. वर्गात एखाद्या पोरानं माझी चूक दाखवली की मी हसून "शाबास" म्हणतो. ते सोपं असतं, तिथे मी मास्तर असतो. इथे घशातून शब्द निघेना. असरची अजान झाली, ग्राइंडर बंद झाला. वुजू करता करता मी म्हणालो, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं." तो "हो" एवढंच म्हणाला. अब्बांनी मला हे वाक्य कधी म्हटल्याचं आठवत नाही. मीही त्यांना म्हटल्याचं आठवत नाही.

पुढचे दोन रविवार तो वेल्ड कापण्यात गेले. या खेपेला कापायचं काम मी मागून घेतलं. ताण सुटला तशी प्लेट बरीचशी परत सरळ झाली. मग त्याच्या पद्धतीनं तुटक वेल्ड मारले, जिथे फट राहिली तिथे पातळ चिपा घातल्या. आता पट्टी ठेवली तर कुठेही एक मिलिमीटरची चिप शिरत नाही.

बाकीचं थोडक्यात. चार पाय उतरत्या फरशीवर डुगडुगणारच, म्हणून प्रत्येक पायाखाली नट वेल्ड करून त्यात जाड बोल्ट घातला. बोल्ट फिरवून टेबल पातळीत आणता येतं. अर्थिंगची केबल टेबलाला बोल्टनं पक्की केली, त्या जागेचा गंज आणि रंग घासून काढला. वरच्या प्लेटला रंग द्यायचा नसतो, करंट अडतो. गंज चढू नये म्हणून तेलाचा बोळा फिरवायचा. मशिन छोटं इन्व्हर्टरचं आहे, तरी मीटरपासून 4 चौरस मिलिमीटरची वेगळी वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी वायरमनकडून बसवून घेतला. शेजारच्या पोरांनी आर्ककडे बघू नये म्हणून कुंपणाच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला. आणि स्क्रीन हातात धरायचा नाही, डोक्यावर हेल्मेट, जॉबला क्लॅम्प. दोन्ही हात मोकळे. पाय बुटात.

बी.एड.ला असताना नई तालीमवर मी पानंच्या पानं लिहिली होती. 1937 ची वर्धा परिषद, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती, हस्तव्यवसायातून शिक्षण, श्रमाची प्रतिष्ठा. मला त्यात चांगले गुण मिळाले होते. वडिलांच्या श्रमावर फी भरून मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर उत्तर लिहीत होतो आणि अब्बा शेडमध्ये पायानं पट्टी दाबून बसले होते, ही गोष्ट तेव्हा मनातही आली नाही. मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये नव्यानं आलेल्या मॅडमनी विचारलं, मुलगा काय करतो? मी म्हणालो, "वेल्डर होतोय." त्या म्हणाल्या, "बरं झालं, आमच्या गॅलरीची जाळी तुटलीय."

टेबलावरचं पहिलं काम अम्माचं. अब्बांनी तिला माठासाठी केलेली तिवई खालून गंजली होती. मुलानं हौसेनं चार पायांचं नवं स्टँड केलं, अगदी काटकोनात, सांधे घासून गुळगुळीत. टेबलावर ते जरासुद्धा हललं नाही. अम्माच्या मोरीजवळ नेऊन ठेवलं आणि ते डुगडुगलं. फरशीच उतरती.

अम्मानं जुनी तिवई पुढे सरकवली. ती गंजलेली असूनही घट्ट उभी. "तेरे दादा तीनच पाय लगाते थे," ती नातवाला म्हणाली. "कैसी बी जमीन रहो, हिलती नै."

तीन पायांचं काहीही डुगडुगत नाही, हे भूमितीत शिकवतात. अब्बांना ते वाकड्या जमिनीनं शिकवलं होतं. मुलानं काही न बोलता तिवई उचलली, टेबलावर ठेवली आणि तिचं माप घ्यायला लागला.