माल जाण्याआधी

नाशिकचं द्राक्ष न्हावा शेवा बंदरातून रॉटरडॅमला निघतं, तेव्हा ते पिकवणारा मागे बागेतच असतो. तिकडे त्याच्या वतीने बोलायचं ते कागदांनी. ते कागद तयार करणं हा माझा पेशा.

इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट हा सगळ्याचा पाया. त्यांतलेच आकडे कस्टम्सच्या शिपिंग बिलात जातात, पुढे जहाज कंपनीच्या बिल ऑफ लेडिंगवर उतरतात. ताज्या द्राक्षांचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ०८०६१०. हे सहा अंक जगभर तेच, त्यापुढचे आपल्या देशाचे. खोक्यांची संख्या, निव्वळ वजन, कंटेनर नंबर, सील नंबर सगळीकडे तंतोतंत जुळायला हवेत. १ जुलै २०१६ पासून तर भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढतच नाही.

मी सर्वांत जपतो ती बागेची नोंद. युरोपला माल पाठवणारी बाग अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर नोंदलेली असते. तिच्यातल्या द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत जातो. औषधांचे अंश मर्यादेत निघाले तरच माल पुढे सरकतो. लेबलवरून थेट शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंत माग लागतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली. ते रसायन तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, आणि नुकसान बागायतदारांनी सोसलं. प्लॉट नंबर लिहिताना ते वर्ष माझ्या डोक्यात असतं.

फायटो सर्टिफिकेटवर, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावर, एक आकडा चुकला, तरी कंटेनर परक्या बंदरात थांबू शकतो. रीफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं, भाडं चढत राहतं, द्राक्षाचे देठ सुकत जातात. म्हणून आमच्याकडे बिल ऑफ लेडिंगचा मसुदा एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा पॅकिंग लिस्टवर खुणा करतो. सगळ्यात घातक सवय म्हणजे जुनी फाइल उघडून फक्त तारीख बदलणं. मागच्या कंटेनरचा नंबर तसाच नव्या कागदात येतो.

या कामात नव्याने येणाऱ्यांनी हंगामात एकदा तरी बागेत जावं. प्लॉट नंबरामागे कोणाचं वर्षभराचं कर्ज आणि कष्ट आहेत, ते बघावं. आणि कितीही घाई असली तरी सील नंबर कंटेनरच्या दारावरून वाचावा, जुन्या फाइलमधून उचलू नये.