कार्तिकीची वाट : फोंडा ते दाजीपूर

कोकणातल्या शेतकरी वारकऱ्याची पायी वारी बहुधा कार्तिकीची असते, आणि त्याचे कारण भात आहे. आषाढी एकादशीच्या सुमारास खाचरांत चिखलणी चालू असते, तरवा उपटून लावायचा असतो. तो आठवडा चुकला तर वर्ष चुकते. कार्तिकापर्यंत भात कापून, झोडून कणगीत पडलेले असते, आणि मग पाय मोकळे होतात. आषाढीला गेला नाही म्हणून त्याची भक्ती उणी ठरत नाही. विठ्ठलाला भेटायची वेळ त्याच्यासाठी पिकाने ठरवलेली असते.

सिंधुदुर्गातून पंढरपूरकडे चढणाऱ्या वाटांपैकी एक कणकवली तालुक्यातल्या फोंडाघाटातून जाते. गाव अगदी सह्याद्रीच्या पायथ्याशी. देवगड–निपाणी रस्ता इथून घाट चढून कोल्हापूर जिल्ह्यात दाजीपूरला पोचतो. दिंडीला हा टप्पा एका दिवसाचा, पण सगळ्या वारीत पायांना तोच जास्त आठवतो.

पहाटे काकडा होतो, चहा होतो आणि दिंडी उजाडण्याआधी निघते. त्यामागे घाटाचे शहाणपण आहे. कड्याचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सूर्य डोंगरामागून वर येतो आणि सकाळी बराच वेळ सारी चढण डोंगराच्याच सावलीत राहते. ती सावली आहे तोवर जितके चढता येईल तितके चढायचे. पुढे पताका, मागे दोन रांगांत टाळकरी, मध्ये मृदंग, मग वीणेकरी, आणि डोईवर तुळस घेतलेल्या बाया. वळणावर पुढचे टाळ मागच्यांच्या डोक्यावर वाजतात. चढ तीव्र झाला की अभंगाची लय आपोआप धिमी होते, कारण श्वास आणि पाऊल दोन्ही तिलाच धरून असतात. वीणा मात्र खाली ठेवली जात नाही. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते.

माड आणि काजू मागे पडतात. जांभ्याची तांबडी माती संपून काळा कातळ सुरू होतो, ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी दाटत जातात. या परिसराने माणसांची ये-जा फार जुन्या काळापासून पाहिली आहे. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके 930 चा, म्हणजे इ.स. 1008 चा आहे. बंदरावरचा माल बैलांच्या पाठीवरून ज्या घाटवाटांनी देशावर जाई, त्यांच्याच शेजाराने आज ट्रक धावतात. दिंडीने रस्त्याच्या कडेनेच चालावे लागते. रात्रीच्या वेळी तर ही चढण टाळलेलीच बरी.

माथ्यावर हवा बदलते. अंगावरचा दमट घाम वाऱ्याने वाळतो. जवळच शिवगडाचा डोंगर, आणि सभोवती 1958 साली गव्यांसाठी राखलेले जंगल. 2012 पासून ते जागतिक वारशात मोडते. भाकरीही बदलू लागते: खाली तांदळाची होती, पुढे नाचणीची, मग ज्वारीची. ‘खंय चललास’ असे विचारणारी बोली मागे राहते आणि ‘कुठं निघालासा, माउली’ सुरू होते.

दाजीपूरला मुक्काम पडतो, हरिपाठ होतो. इथल्या जंगलातले पाणी भोगावतीला मिळते. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेल्या राधानगरी धरणाचा जलाशय तिच्यावरच आहे. सकाळी दिंडी फोंड्यात जो ओढा ओलांडून निघाली, तो अरबी समुद्राकडे गेला. संध्याकाळी ज्या पाण्याने वारकरी पाय धुतात ते मात्र पूर्वेचे: भोगावतीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि पुढे रायचूरजवळ पंढरपूरहून आलेल्या भीमेला, म्हणजे चंद्रभागेला, मिळणारे.