आधी पाणी शोधा

एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरवाली, मारुती 800 गॅरेजात येते ती बहुतेक एकाच तक्रारीनं. सकाळी खूप सेल्फ खाते, तापली तरी काळा धूर सोडते, पेट्रोल पिते. हाताखालचा पोरगा बॉनेट उघडून वायरी चाचपायला लागतो. मी म्हणतो, वायरी राहू दे, इंजिनातलं गरम पाणी कुठून बाहेर पडतं ते दाखव.

या तक्रारीत माझा संशय कूलंटच्या टेम्परेचर सेन्सरवर असतो, आणि तो मी असाच शोधतो. रेडिएटरचा वरचा जाड होज धरायचा आणि इंजिनाकडे जायचं. होज संपतो तिथे थर्मोस्टॅट. त्याची झडप बंद असतानाही इंजिन किती तापलंय ते कळायला हवं, म्हणून सेन्सर झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूच्या पाण्यात बुडालेला असतो.

2000 च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवू लागला. सेन्सरचा रोध गार पाण्यात जास्त, गरम पाण्यात कमी. सेन्सर बिघडून रोध चढाच राहिला की ईसीयूला वाटतं बाहेर बर्फ पडतोय, आणि तो पेट्रोल ओतत राहतो. काळा धूर तिथून येतो.

तिथे पुष्कळदा दोन सेन्सर सापडतात. एका वायरीचा डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी, दोन वायरींचा ईसीयूसाठी. काटा बरोबर चालतोय म्हणून ईसीयूचा सेन्सरही शाबूत आहे असं धरणारे चांगले चांगले मिस्त्री मी पाहिलेत.

वायरिंगच्या नकाशावर जुन्या गाडीत माझा फारसा विश्वास नाही. मधल्या वर्षांत कुणी सीएनजी किट बसवलेलं असतं, वायरी कापून भलत्याच रंगाच्या जोडलेल्या असतात, वर टेपचे वेढे. किटवाले गॅसचा दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरला गरम पाणी द्यायला होजमध्ये टी टाकतात, पण इंजिनातून पाणी बाहेर पडायचं तोंड कुणाला हलवता येत नाही. क्रँक सेन्सर दातेरी चाकापाशी आणि ऑक्सिजन सेन्सर धुराच्या वाटेवरच असणार, तेही याच न्यायानं.

जागा सापडली की घाई नको. उष्णतेनं कपलरचं प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. क्लिप नखानं उचलायची, वायर ओढायची नाही. मग मल्टिमीटर. गार इंजिनावर दोन-अडीच किलोओहम, 80 अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. आकडा हललाच नाही, तर सेन्सर बदलायचा, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.