हवा थंड, तरी कटिबंध उष्णच

आनेकलमध्ये डिसेंबरच्या पहाटे पीटीला जर्सी घालावी लागते आणि मे महिन्यातही रात्री छान झोप लागते. भेटायला आलेले पालक म्हणतात, "काय सुंदर थंड हवा आहे!" म्हणून ही हवा उपोष्ण कटिबंधातली असेल, असे अनेकांना वाटते. भूगोलाच्या नियमाने ती तशी नाही.

पहिला नियम नकाशाचा. आपल्या गोलार्धात उपोष्ण पट्टा साधारण कर्कवृत्ताच्या, म्हणजे साडेतेवीस अंशांच्या, उत्तरेला सुरू होतो. आनेकल तेराव्या अंशाच्याही खाली आहे. दुसरा नियम तापमानाचा. व्लादिमीर कोपेन या शास्त्रज्ञाने झाडाझुडपांकडे पाहून हवामानाचे गट पाडले. त्याच्या हिशेबाने पाऊस पुरेसा असेल आणि सर्वांत थंड महिन्याची सरासरीही १८ अंशांच्या खाली जात नसेल, तर हवामान उष्ण कटिबंधीय. ती १८ च्या खाली पण गोठणबिंदूच्या वर असेल आणि उन्हाळा कडक असेल, तर उपोष्ण. बंगळूरचा सर्वांत थंड महिना सुमारे २१ अंशांचा असतो. दिल्लीचा जानेवारी १४ च्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात भाजून काढणारी दिल्ली उपोष्ण पट्ट्यात येते, आणि आनेकल येत नाही.

इथला गारवा उंचीचा आहे. दर १००० मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. बंगळूर ९०० मीटरच्या वर आहे, तर जवळपास त्याच अक्षवृत्तावरचे चेन्नई समुद्राकाठी. पण उंचीमुळे बाराही महिने तापमान उतरते, वेगळा हिवाळा तयार होत नाही. बंगळूरच्या एप्रिल आणि डिसेंबरच्या सरासरीत सहा-सात अंशांचाच फरक आहे. दिल्लीत जून आणि जानेवारीत तो वीसच्या घरात जातो.

हा हिवाळ्याचा फरक आमच्या घरी पैशांत मोजला जातो. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. संत्रा हे उपोष्ण हवेत रमणारे झाड. पंजाबात किन्नूच्या झाडाला थंडीच विश्रांती देते आणि मग ते वसंतात फुलते. विदर्भ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, आमचा जानेवारीही सरासरीने १८ च्या वरच. म्हणून थंडीची उणीव शेतकरी कोरडेपणाने भरून काढतो. आंबिया बहरासाठी डिसेंबरात पाणी तोडून बागेला ताण देतात. पाने मलूल होऊन गळू लागली की जानेवारीत पाणी सोडतात, आणि फेब्रुवारीत झाड फुलांनी भरते.

गेल्या हिवाळ्यात ताण चालू असतानाच अवकाळी पाऊस आला. ताण तुटला. फुलांऐवजी नवती फुटली. आता मोठे बाबा म्हणतात, अर्धी बाग काढून सोयाबीन पेरू. बाबा म्हणतात, अजून एक वर्ष थांबा. रविवारच्या फोनवर दुसरा विषयच नसतो.

बाग ठेवायची की काढायची, हे ठरवायला मी अजून लहान आहे. पण कोणत्या वर्षी किती रात्री थंड गेल्या, ताण किती दिवस टिकला, हे आमच्याकडे सगळे आठवणीवर चालते. दिवाळीच्या सुट्टीत मी बागेत सावलीला कमाल-किमान तापमापी टांगणार आहे. मी शाळेत परतल्यावर रोजचे आकडे आजी वहीत लिहील. तिने तसे कबूल केले आहे, आणि घरात सर्वांच्या आधी तीच उठते.