व्यवसायाचा रकाना

कळमन्याचे नाव काढताच नागपूरकरास संत्री आणि मिरची आठवावी, हे साहजिकच आहे. आंबिया बहराच्या दिवसांत येथील बाजारात गाड्यांची जी दाटी होते आणि लिलावाची जी आरोळी उठते, तीत दुसऱ्या विचारास जागाच उरत नाही. परंतु १८२१ साली वसलेली कामठीची छावणी येथून फार दूर नाही, आणि पलटणीतून सुटलेली कितीतरी माणसे या बाजूच्या वस्त्यांतून घरे बांधून राहिली आहेत. बाजाराच्या गलबल्यात ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. आमच्या घरात ती निघाली, ती आमच्या भाचीमुळे.

भाची आमच्याकडे राहून परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. माजी सैनिकांच्या शुश्रूषेचा अभ्यास करण्यासाठी तिच्या वर्गाची सहल पुण्यास निघाली. सहल म्हटल्यावर तिच्या मामीने चिवड्याचा मोठा डबा भरून दिला. तो जवळजवळ तसाच परत आला. मुली गेल्या त्या खडकीस. पाठीचा कणा दुखावून ज्यांचे कमरेखालचे किंवा मानेखालचे अंग निर्जीव झाले, अशा जवानांसाठी १९७४ साली स्थापन झालेले पुनर्वसन केंद्र तेथे आहे. जायबंदी सैनिकांस हातचा धंदा शिकविणारी, १९१७ साली मुंबईत निघालेली क्वीन मेरीज संस्थाही पुढे खडकीसच आली. मुलींनी ती पाहिली खरी. पण भाचीच्या वहीत तिला पाऊणच पान मिळाले. बाकीची वही पहिल्या केंद्राने भरली होती.

तेथील सारे जण रणांगणात घायाळ झालेले असणार, असे ती धरून चालली होती. तेथे कळले, की कोणी उंचावरून पडला होता, तर कोणी रस्त्यावरील अपघातात सापडला होता. "मामा," तिने आल्या आल्या विचारले, "सुटीवर घरी येताना ज्याची मोटारसायकल घसरली, त्याला तुम्ही लेखक लोक काय म्हणता?" आम्ही निरुत्तर झालो. लढून मेलेल्यांसाठी आमच्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. घसरून जगलेल्यासाठी मात्र ती अगदीच दरिद्री आहे.

लढून जगलेल्यांचीही आठवण आम्ही सावकाशच काढतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. भारताचे त्या स्पर्धांतील ते पहिलेच सुवर्ण. त्यांस पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली ४६ वर्षे कशी गेली असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

असो. भाचीच्या मनावर ठसा उमटला तो एका साध्याच गोष्टीचा. ज्या अंगास संवेदना नाही, त्यास अंथरुणाचा दाब कळत नाही. तुम्हाआम्हांस झोपेतही अवघडल्यासारखे होते आणि आपण कूस पालटतो. त्या रोग्यास ती सूचनाच मिळत नाही, आणि कातडीखाली गुपचूप व्रण होतो. म्हणून दर २ तासांनी त्याची कूस पालटावयाची, टाचा आणि माकडहाड डोळ्यांनी तपासावयाचे. ज्यांचे हात चालतात ते आरसा धरून आपली पाठ आपणच पाहावयास शिकतात. "दुखतं का, असं विचारून तिथे काही उपयोगच नाही, मामा. पाहावंच लागतं."

आमच्या बाजारात एक पहारेकरी आहे. वय पन्नाशीच्या पुढचे, बांधा ताठ, आणि 'बहिरा' म्हणून हमालांत प्रसिद्ध. महिन्याभरापूर्वी मागे येणाऱ्या ट्रकचा भोंगा त्यास ऐकू आला नाही. एका हमालाने ओढले म्हणून निभावले. त्यानंतर त्यास कामावरून काढण्याची भाषा निघाली. खांदा मुरगळला म्हणून तो ज्या दवाखान्यात गेला, तेथील केसपेपर भाचीने पाहिला. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, वॉचमन. अमेरिकेत तेथील परिचर्या अकादमीने २०१३ पासून असा आग्रह धरला आहे, की येणाऱ्या प्रत्येक रोग्यास 'आपण कधी सैन्यात होता काय?' असे विचारावे. हे तिने अभ्यासात वाचले होते. तिने तोच प्रश्न केला.

तो १७ वर्षे तोफखान्यात होता. १९९९ साली द्रासला बोफोर्स तोफेवर. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे व अग्निबाण डागले, असे सांगतात. त्यांतले किती याच्या कानाजवळून गेले, कोण मोजणार? अशा दणक्याने आतल्या कानातील सूक्ष्म केसांच्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. प्रथम जातात ते वरच्या पट्टीचे स्वर, म्हणजे बायकांचे आणि मुलांचे बोलणे.

"काका, मग हे तुम्ही डॉक्टरांना कधी सांगितलं नाही?"

"तोफ तं आमीच डागली बाई," तो म्हणाला, "मंग जखम आमाले कायची?"

पेन्शनरांसाठी २००३ साली निघालेल्या आरोग्य योजनेचे कार्ड त्याच्या ट्रंकेत होते. ते हात-पाय गेलेल्यांसाठी, असा त्याचा समज. आपण धडधाकट असून रांग कशाला वाढवावी? भाचीने तीन रविवार त्याची मनधरणी केली. शेवटी तो गेला तोही, नात शाळेतले काही सांगते आणि आपण नुसती मान डोलावतो, हे त्याच्या बायकोने तिच्यादेखत बोलून दाखविले म्हणून.

नव्या केसपेपरावर व्यवसायापुढे भाचीने त्याच्याकडूनच लिहून घेतले : वॉचमन, पूर्वी गनर. यंत्र मिळाले, नोकरीही तूर्त टिकली आहे. त्यास फाटकावरून हलवून गोदामाच्या आतल्या दारावर बसविले आहे, जेथे ट्रक येत नाहीत. लिलाव सुरू झाला, की तो कानातील यंत्र काढून खिशात ठेवतो, कारण तो गोंगाट म्हणे सोसवत नाही. संध्याकाळी घरी निघताना मात्र ते पुन्हा बसवितो, आणि नीट बसले की नाही हे चहावाल्याच्या पोराकडून पाहून घेतो.